कपाळामागचा मेंदू: पहारीपासून पत्त्यांपर्यंत

कपाळाच्या मागेच असलेला मेंदूचा भाग, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, निर्णयांचं काम सांभाळतो हे आज शाळेतली मुलंही सांगतात. हे कळायला मात्र दीडशे वर्षं लागली, आणि त्याची किंमत जखमी माणसांनी मोजली.

१३ सप्टेंबर १८४८. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये कॅव्हेंडिश गावाजवळ रेल्वेसाठी खडक फोडणं चाललं होतं. २५ वर्षांचा मुकादम फिनिअस गेज सुरुंगाची दारू ठासत असताना स्फोट झाला. साडेतीन फुटांहून लांब, सुमारे सहा किलोंची पहार डाव्या गालाखालून शिरली आणि डोक्याचा माथा फोडून बाहेर पडली. गेज वाचला. वाचाही शाबूत, स्मरणही. पण त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. जॉन हार्लो यांनी १८६८ मध्ये लिहिलं की एकेकाळी कामात चोख असलेला हा माणूस लहरी झाला होता. बेत आखायचा आणि लगेच सोडून द्यायचा. पूर्वीच्या मालकांनी त्याला मुकादमीवर परत घेतलं नाही.

ही गोष्ट सांगताना तिचा उत्तरार्ध नेहमी गाळला जातो, आणि मला तो अन्याय वाटतो. १८५२ च्या सुमारास गेज चिलीला गेला आणि तिथे काही वर्षं प्रवासी घोडागाडी हाकत होता. वेळा पाळणं, घोडे सांभाळणं, प्रवाशांशी वागणं हे सगळं त्यात आलं. कायमचा बिघडलेला गेज हे चित्र अर्धवट आहे.

पुढचं पर्व क्लेशाचं. १९३५ मध्ये पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी मनोरुग्णांच्या याच भागातले तंतू तोडायला सुरुवात केली. १९४९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि दरम्यान हजारो माणसांवर अशा शस्त्रक्रिया झाल्या.

खरी उकल १९८५ मध्ये सुरू झाली. मेंदूचे अभ्यासक एस्लिंगर आणि अँटोनिओ डमासिओ यांनी ‘ईव्हीआर’ या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा रुग्ण मांडला. तो हिशेबनीस होता. डोळ्यांच्या वरच्या भागातली गाठ काढताना त्याच्या प्रीफ्रंटल भागाचा काही हिस्सा गेला. बुद्ध्यंक उत्तम राहिला, पण नोकरी गेली, दिवाळं निघालं, संसार मोडला. जेवायला कुठे जायचं हे ठरवायला त्याला तासन् तास लागत: प्रत्येक हॉटेलातली बसायची सोय, पदार्थ, वातावरण सगळं तपासायचं, तरी निर्णय नाहीच. म्हणजे तर्क जागेवर होता. कशाला किती वजन द्यायचं तेच कळत नव्हतं.

ते वजन मोजण्यासाठी १९९४ मध्ये अमेरिकेतल्या आयोवात संशोधक बेकारा आणि सहकाऱ्यांनी पत्त्यांचा खेळ रचला. चार गड्ड्या. दोन गड्ड्यांत दर पत्त्याला १०० डॉलर, पण मधूनच जबर दंड. उरलेल्या दोनांत ५० च डॉलर, दंडही बेताचा, शेवटी नफा. निरोगी माणसं हळूहळू बेताच्या गड्ड्यांकडे वळली. वाईट गड्डीकडे हात जाताना त्यांच्या तळहाताला सूक्ष्म घाम येई, आणि तोही कारण उमगण्याआधी. ईव्हीआरसारखी इजा झालेल्या रुग्णांना तो येतच नव्हता. काहींना तर कोणती गड्डी वाईट हे सांगताही येत होतं. पत्ता ते तिच्यातूनच उचलत.

त्याच वर्षी हॅना डमासिओ आणि सहकाऱ्यांनी हार्वर्डमध्ये जपलेल्या गेजच्या कवटीवरून पहारीचा मार्ग संगणकावर आखला आणि मेंदूच्या दोन्ही बाजूंना इजा झाल्याचं म्हटलं. २००४ मधल्या नव्या सीटी स्कॅनच्या अभ्यासाने इजा डावीकडेच होती असा निष्कर्ष काढला.