ग्वेन स्टेसी नेमकी कशाने मेली?

आज सुपरहिरो कॉमिक्समध्ये कोणी मेलं की वाचक रडत नाहीत, परत कधी येतो तेवढंच विचारतात. पूर्वी असं नव्हतं. माझ्या मते हे सगळं बदललं ते जून 1973 च्या 'द अमेझिंग स्पायडर-मॅन' अंक 121 ने, ज्यात स्पायडर-मॅनची गर्लफ्रेंड ग्वेन स्टेसी मेली.

त्याआधीची परिस्थिती बघा. 1954 मध्ये अमेरिकेतल्या कॉमिक्स प्रकाशकांनी स्वतःवर कॉमिक्स कोड लावून घेतला होता, त्यात शेवटी चांगल्याचाच विजय झाला पाहिजे असं चक्क लिहिलेलं. म्हणजे हिरोची गर्लफ्रेंड उंचावरून पडली की हिरो तिला झेलणारच, वाचक निवांत. 1971 मध्ये कोड थोडा सैल झाला. इकडे स्पायडर-मॅन छापणाऱ्या मार्व्हलमध्ये पीटरच्या (म्हणजे स्पायडर-मॅनच्याच) जवळचं कोणीतरी मारायचं असं चाललं होतं, आधी त्याच्या आंट मेचं नाव होतं, पण चित्रकार जॉन रोमिता यांचं म्हणणं पडलं की म्हातारी बाई गेली तर कोणाला धक्का बसणार, ग्वेनला मारा. लेखक गेरी कॉनवे, वय जेमतेम वीस, त्यालाही ग्वेनपेक्षा पीटरची मैत्रीण मेरी जेन जास्त आवडायची, त्यामुळे तो लगेच तयार झाला.

कव्हरवर नुसतं एवढंच की जवळचं कोणीतरी मरणार, आणि कथेचं नाव थेट शेवटच्या पानावर, कारण नावातच सगळं फुटलं असतं! स्पायडर-मॅनचा शत्रू ग्रीन गॉब्लिन ग्वेनला पुलावरून ढकलतो (चित्रात ब्रुकलिन ब्रिज वाटतो, मजकुरात जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज आहे), स्पायडर-मॅन जाळं सोडतो, ते बरोब्बर तिच्या पायाला चिकटतं, तो खुशीत तिच्याशी बोलत बोलत वर ओढतो आणि हातात येते ती मेलेली ग्वेन. आता जाळं चिकटतं ती चौकट परत बघा. तिच्या मानेजवळ बारीक अक्षरात एकच शब्द आहे, 'स्नॅप', म्हणजे काहीतरी कट्कन मोडल्याचा आवाज. पहिल्या वाचनात तो सहज निसटतो, पण एकदा दिसला की पोटात गोळाच येतो. गॉब्लिन म्हणतो की ती पडतानाच मेली, पण अंक 125 च्या पत्रांच्या पानावर संपादकांनीच सांगून टाकलं की जाळ्याने एकदम थांबल्यामुळे बसलेल्या झटक्यानेच ती गेली. म्हणजे वाचवायला गेला त्याच्याच हातून गेली, आणि तेही त्याचा नेम अचूक लागला म्हणून.

वाचक जाम भडकले, आणि 1975 मध्ये ग्वेनचा क्लोन आणला गेला. पुढे 1988 मध्ये मार्व्हलची स्पर्धक कंपनी डीसीने तर बॅटमॅनचा साथीदार, दुसरा रॉबिन जेसन टॉड जगवायचा की मारायचा हे फोनवर मतं घेऊन ठरवलं, एका कॉलला 50 सेंट. 5343 विरुद्ध 5271, फक्त 72 मतांनी पोरगा मेला. धक्का तोही होताच, पण त्यात मरण आधी ठरलं आणि पानं नंतर छापली. 2005 मध्ये जेसन परत आला. ग्वेनच्या मानेजवळचा 'स्नॅप' मात्र आजही तिथेच आहे.