कानांवर हात ठेवणाऱ्यांची गोष्ट

आमच्याकडे पारावर शिव्यांना तोटा नाही. पण जुन्या माणसांच्या तोंडची सगळ्यांत जड शिवी ऐकायला अगदी साधी आहे: ‘त्याला जबान नाही.’ चोराला हसून सोडून देतात, दारुड्याची कीव करतात. शब्द देऊन कानांवर हात ठेवणाऱ्याला मात्र सोयरीक जमवतानाही आठवतात, आणि तेही तीन पिढ्यांनंतर. ‘जबान’ फारसीतून आली, ‘इमान’ अरबीतून. दोन्ही शब्द मराठवाड्याच्या बोलीत इतके मुरले की पाहुणे आहेत हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. गोष्टींतला बेइमान माणूस मात्र या शब्दांच्या कितीतरी आधीपासून गोदाकाठी वस्तीला आहे.

सुरुवात पैठणपासून करावी लागते. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे हेच पैठण. तिथल्या दरबारातल्या गुणाढ्यानं पैशाची भाषेत ‘बृहत्कथा’ रचली, अशी परंपरा आहे. मूळ ग्रंथ आज नाही. ११व्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं केलेल्या ‘कथासरित्सागर’ या संस्कृत रूपातून त्यातल्या गोष्टी आपल्यापर्यंत आल्या. ठक, लबाड, जुगारी, ढोंगी बैरागी यांचं एवढं मोठं संमेलन दुसरीकडे सापडणं कठीण. गंमत अशी की ज्याच्या नावावर हे सगळे बदमाश जमा आहेत, तो स्वतः शब्दापायी देशोधडीला लागलेला. राजाला संस्कृत व्याकरण शिकवायला ६ वर्षं लागतील, असं गुणाढ्य म्हणाला. दरबारातलाच दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणाला, ६ महिन्यांत शिकवतो. तसं झालं तर संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडीन, अशी पैज गुणाढ्यानं लावली आणि तो हरला. पळवाट काढता आली असती. त्यानं तोंडच मिटलं, रानात गेला आणि उरलेल्या चौथ्या भाषेत, पिशाचांच्या भाषेत, लिहायला बसला.

त्याच सागरातली उपकोशेची गोष्ट इथं सावकाश सांगायला हवी. नवरा वररुची तपाला हिमालयात गेलेला. जाताना पैसा हिरण्यगुप्त नावाच्या वाण्याकडे ठेव म्हणून दिलेला. बाई एकटी आहे म्हटल्यावर राजपुत्राचा मंत्री, पुरोहित आणि दंडाधिकारी असे तिघे मागे लागले. ठेव मागायला गेली तर वाण्याच्याही मनात तेच. उपकोशेनं चौघांना एकाच रात्रीचे वेगवेगळे प्रहर दिले. पहिला आला, त्याला दासी म्हणाल्या, आधी आंघोळ. अंधाऱ्या खोलीत तेल म्हणून काजळी अंगभर चोपडली. तेवढ्यात दाराशी दुसरा. ‘मालकांचे स्नेही आले, लपा,’ म्हणून पहिल्याला मोठ्या पेटीत ढकलून कडी घातली. दुसऱ्याचं, तिसऱ्याचंही तेच. चौथा वाणी. त्याला तिनं पेटीजवळ बसवलं आणि मोठ्यानं म्हणाली, ‘माझ्या नवऱ्यानं ठेवलेला पैसा द्या.’ घरात दुसरं कुणी नाही अशा समजुतीनं वाणी म्हणाला, ‘देतो की.’ मग तोही काळा झाला, पहाटे हाकलला गेला आणि कुत्र्यांच्या तावडीतून कसाबसा घरी पोचला.

दुसऱ्या दिवशी राजा नंदाच्या दरबारात वाण्यानं कानांवर हात ठेवले: माझ्याकडे काहीच नाही. उपकोशा म्हणाली, माझे घरचे देव त्या पेटीत आहेत, ते साक्ष देतील. पेटी आणली. देवांनो, खरं बोला, नाहीतर भर दरबारात उघडते, असा दम भरल्यावर पेटी बोलली: हो, यानं कबूल केलंय. राजानं कुलूप काढायला लावलं आणि तीन डांबरासारखे काळे प्रतिष्ठित बाहेर पडले.

या गोष्टीचा पाया परक्या बाईवर डोळा ठेवणं हा नाही. तसले लोक तीत पैशाला पासरी आहेत. पाया आहे ठेव नाकारणं. ‘हो’ चार भिंतींत म्हणायचं, ‘नाही’ चारचौघांत. असा माणूस पकडायचा तर साक्षीदार लागतो, आणि गावातले साक्ष देण्याजोगे सगळे जर आधीच बरबटलेले असतील तर त्यांनाच पेटीत घालावं लागतं. उपकोशाही चौघांशी खोटं बोलली, हे खरं. कथाकाराला त्याचं काही वाटत नाही. मलाही नाही.

खोटं बोलण्याची बाईची दुसरी एक तऱ्हा ‘गाथासप्तशती’त, म्हणजे हाल राजाच्या नावावरच्या प्राकृत गाथांच्या संग्रहात आहे, तीही याच नदीकाठची. बाई एका धार्मिक गृहस्थाला सांगते: आता खुशाल हिंडा, तुम्हाला भिववणारं ते कुत्रं गोदावरीकाठच्या झाडीतल्या सिंहानं आज मारलं. तोंडानं म्हणते ‘या’, अर्थ ‘याल तर खबरदार’. ती जागा तिच्या भेटीगाठींची, आणि हा रोज तिथं हिंडणार! ९व्या शतकात काव्यशास्त्रकार आनंदवर्धनानं ध्वनी, म्हणजे शब्दांमागचा सुचवलेला अर्थ, समजावताना हीच गाथा घेतली. म्हणजे आमच्या नदीकाठची एक थाप पुढची हजारभर वर्षं काव्यशास्त्राच्या पाठात जाऊन बसली.

मग १६व्या शतकातलं पैठण, एकनाथांचं. भारुडांतली पात्रं सज्जनपणाचा आव आणत नाहीत. ‘भवानी आई, रोडगा वाहीन तुला’ म्हणणारी बाई बघा. सासऱ्याला गावीच खपव, सासूला निर्दाळ, जावेला बोडकी कर, शेवटी नवऱ्यालाही ने आणि मला एकटी राहू दे. एवढ्या मोठ्या कामाचा मोबदला काय, तर गोवरीच्या आरावर भाजलेला कणकेचा गोळा. देवीलाच लाच, तीही इतकी स्वस्त! कीर्तनकार याचा परमार्थ सांगतात: सासू, जाऊ, नवरा म्हणजे मनातलेच विकार. ते बरोबरच आहे. पण भारुड रंगात आलं की बायका हसतात त्या परमार्थाला हसत नाहीत.

पुढची काही शतकं इथं झरझर ओलांडतो. महत्त्वाचं वळण येतं ते कागदाचं. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि कचेरीची भाषा उर्दू. ज्या कागदावर आपला अंगठा आहे तो आपल्याला वाचता येत नाही, हा अनुभव घरोघरचा. साक्षीदार म्हणून माणसाऐवजी सावकाराची वही पुढे आली, आणि वही तर त्याच्याच हातची. म्हणून इथल्या ग्रामीण कथेतला लबाड सहसा सुरा काढत नाही, तो चष्मा लावून वही काढतो.

शहरी मराठी प्रेक्षकाला असाच नाकारणारा माणूस १९६२मध्ये आचार्य अत्र्यांनी दिला. ‘तो मी नव्हेच’मधला निपाणीचा लखोबा लोखंडे वेगवेगळी नावं घेऊन बायकांना फसवतो आणि कोर्टात एकेक साक्षीदार येईल तसा शांतपणे हात झटकतो. प्रभाकर पणशीकरांनी तो गावोगावच्या लोकांसमोर उभा केला. लोक त्याला शिव्या घालत आणि पुन्हा तिकीट काढत. फिरता रंगमंच, वेश पालटणं हे सगळं होतंच. पण हिरण्यगुप्ताचा हा वंशज आहे, असं मला प्रत्येक वेळी वाटतं. फरक इतकाच की आता पेटीऐवजी पिंजरा होता.

मराठवाड्याच्या स्वतःच्या गद्यात मात्र असा घाऊक खलनायक फारसा रुजला नाही. रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ १९७१ची. एका शिंप्याच्या संसाराची वाताहत त्याची बायको आपल्या बोलीत सांगते. भास्कर चंदनशिवांच्या ‘लाल चिखल’मध्ये बाजारात नेलेल्या टोमॅटोंचा भाव पडतो आणि बाप ते पायाखाली तुडवतो. तिथं फसवलं कुणी? अडत्यानं, गिऱ्हाइकानं, भावानं? बोट दाखवायला चेहराच नाही, मग दरबारात कुणाला ओढणार? मला हा बदल सगळ्यांत मोठा वाटतो. त्यावर आमच्या समीक्षेत जेवढं बोलायला हवं होतं तेवढं बोललं गेलेलं नाही.

चेहरा असलाच तरी तो सांगणाऱ्यानुसार बदलतो. बीडकडच्या ऊसतोडीत मुकादम मजुरांना हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो. मुकादमाच्या तोंडून ऐकाल तर मजूर उचल घेऊन पळणारे बेइमान. मजुराच्या तोंडून ऐकाल तर हिशेबात खाणारा मुकादम बेइमान. दोन्ही गोष्टी खऱ्या घडतात, पण डायरी एकाकडेच असते.

एका फडावर कोपीपाशी, म्हणजे मजुरांच्या झोपडीपाशी, मी बसलो होतो. कोपीच्या दाराला लावलेल्या पत्र्यावर कोळशाच्या रेघा होत्या. भरलेली गाडी गेली की बाई एक रेघ ओढायची. डायरीत २९ गाड्या निघाल्या, पत्र्यावर ३१. मुकादमानं रेघा दोनदा मोजल्या, डायरी मिटून खिशात घातली आणि तिला विचारलं, ‘ह्या वढल्या तव्हा कोण होतं गं हितं?’