पंपाच्या खाली गेलेली तेलपातळी

उत्तर गुजरातेत मेहसाण्याच्या आसपास शेतांमधून मान खालीवर करणारे तेलपंप दिसतात. त्या मानेला टांगलेल्या पोलादी सळया, म्हणजे सकर रॉड, थेट तळाच्या पंपापर्यंत जातात. वर पॉलिश्ड रॉडच्या (सळयांचा सगळ्यात वरचा गुळगुळीत तुकडा) क्लँपखाली लोड सेल (भार मोजणारं उपकरण) बसवतात आणि तिच्या आकड्यांवरून तळाचा अंदाज बांधतात. पण घर्षणाचा भार तेलाच्या भारात बेमालूम मिसळतो.

हिशेब मांडू. पंप १००० मीटरवर, पावणेदोन इंची प्लंजर (पंपातला दट्ट्या, क्षेत्रफळ १५.५ चौरस सेंटिमीटर), केसिंगमधली (विहिरीच्या बाहेरच्या पाइपातली) तेलपातळी ८०० मीटरवर, तेलाची घनता ०.९५. तेलात बुडालेल्या सळया २९०० किलोच्या, प्लंजरवर तेलाचा भार (क्षेत्रफळ × पातळीची खोली × घनता) ११८० किलो. पंप संथ असेल तर लोड सेल चढताना ४०८० दाखवेल, उतरताना २९००. आता २०० किलो घर्षण धरा. ते चढताना भार वाढवतं, उतरताना सळया तोलून धरतं. आकडे होतात ४२८० आणि २७००. फरक १५८०, आणि त्यावरून पातळी निघते १०७० मीटर, पंपाच्याही खाली! ही चूक निदान डोळ्यांत भरते. १०० किलो घर्षण जास्त फसवं: पातळी ९४० येते, खरी वाटते, आणि विहीर आटत आली समजून पंप उगाच हळू केला जातो.

पहिला संशय स्टफिंग बॉक्सवर, म्हणजे पॉलिश्ड रॉड जिथून विहिरीत शिरतो तिथल्या सीलवर घ्यावा. गळती थांबवायला पॅकिंगचा नट आवळत नेतात आणि रॉड तापतो. लोड सेल त्याच्या वर असल्याने हे घर्षणही मोजलं जातं. नट थोडा सैल करून पुन्हा कार्ड, म्हणजे एका फेरीतला भार आणि सळईची जागा यांचा आलेख, घ्यावं. फुकटात होणारी तपासणी आहे. दुसरी जागा विहिरीचं वळण. ३० मीटरला ३ अंश वळण आणि ३००० किलो ताण असेल तर सळई ट्यूबिंगवर (तेल वर आणणाऱ्या आतल्या पाइपावर) दीडशे किलोंहून जास्त जोराने दाबली जाते. तळाकडे ताण कमी, म्हणून तेच वळण वरच्या भागात जास्त नडतं.

मेहसाण्याजवळच्या बालोल, संथालसारख्या जड तेलाच्या क्षेत्रांत चिकटपणाची ओढ आणखी वेगळी. ती वेगाबरोबर वाढते. सळई घासण्याचं कोरडं घर्षण फारसं बदलत नाही. म्हणून मिनिटाला फेऱ्या कमी करून पाहायचं: कार्ड बारीक झालं तर ओढ तेलाची, जाडच राहिलं तर सळया कुठेतरी घासताहेत. वरच्या कार्डावरून तळाचं कार्ड काढणारं गणित बहुधा वेगावर अवलंबून असलेली ओढच वजा करतं, कोरडं घर्षण पंपाच्या नावावर जमा होतं.

ओढ फारच वाढली की सळया उतरायलाच मागत नाहीत. कॅरियर बार (मानेला टांगलेली, क्लँप उचलून धरणारी आडवी पट्टी) क्लँप सोडून पुढे खाली जातो, लोड सेल शून्यावर येते, आणि वर येताना बार क्लँपवर ठाणकन आदळतो.