टाटा मेमोरियल सेंटर : अणुऊर्जा विभागाचे कर्करोग संशोधन

टाटा मेमोरियल सेंटर ही केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाच्या अनुदानावर चालणारी स्वायत्त संस्था आहे. मुंबईतील परळचे रुग्णालय आणि खारघर येथील संशोधन केंद्र हा तिचा मूळ गाभा असून कर्करोगावरील उपचार, शिक्षण आणि संशोधन ही तिची तीन कामे आहेत. सर्वसामान्यांच्या तोंडी ती ‘टाटा हॉस्पिटल’ एवढ्याच नावाने रुळलेली असल्यामुळे ती सरकारी आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. औषध कंपन्यांना ज्यांत नफा दिसत नाही, अशा प्रश्नांवर वर्षानुवर्षे चाललेल्या क्लिनिकल चाचण्या, म्हणजे माणसांवर उपचारांचा किंवा तपासण्यांचा उपयोग पारखण्याचे अभ्यास, हे या संस्थेचे सर्वांत मोलाचे योगदान मानावे लागेल.

लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. पुढे सर दोराबजी टाटा न्यासाने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे हे रुग्णालय सुरू केले. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आले. कर्करोगाच्या निदानात आणि उपचारात किरणोत्सर्गाला मोठे स्थान राहणार, हे होमी भाभा यांनी ओळखले होते; आरोग्याची संस्था अणुऊर्जा खात्याकडे जाण्याचे कारण तेच. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या कर्करोग संशोधन संस्थेची उभारणी विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी केली. धोतराच्या सततच्या घर्षणाने कमरेच्या त्वचेवर होणारा कर्करोग, तसेच तंबाखूच्या सवयींशी जोडलेले ओठाचे आणि टाळूचे कर्करोग यांच्या त्यांनी केलेल्या नोंदी आजही महत्त्वाच्या आहेत, कारण इथल्या माणसाचा आजार इथल्या राहणीतून समजून घेण्याची दिशा त्यांनीच दाखवली. १९६६ मध्ये रुग्णालय आणि ही संस्था एकत्र होऊन आजचे सेंटर आकाराला आले.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी पाश्चात्त्य देशांत रूढ असलेल्या पॅप चाचणीला, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याला, प्रयोगशाळा आणि प्रशिक्षित तज्ज्ञ लागतात. ती व्यवस्था भारतात सर्वदूर उभी करणे अवघड होते. म्हणून १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांमधील वीस विभागांत ३५ ते ६४ वयोगटातील सुमारे दीड लाख स्त्रियांचा समावेश असलेली, त्याहून सोप्या तपासणीची क्लिनिकल चाचणी हाती घेण्यात आली. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण देण्यात आले. गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे पातळ व्हिनेगर, लावायचे, मिनिटभर थांबायचे आणि पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहायचे, एवढीच ही तपासणी असून ती दर दोन वर्षांनी याप्रमाणे चार वेळा करण्यात आली. बारा वर्षांनंतर तपासणी झालेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी आढळले. डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी हे निष्कर्ष २०१३ मध्ये मांडले.

या चाचणीला अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे अर्थसाहाय्य होते आणि तिच्यावर गंभीर आक्षेपही घेतले गेले. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातील स्त्रियांना केवळ आरोग्यशिक्षण मिळाले, तपासणी मिळाली नाही. तपासणीचा उपयोग जगात इतरत्र सिद्ध झालेला असताना हे योग्य होते का, असा टीकाकारांचा प्रश्न होता. भारतात त्या काळी बहुसंख्य स्त्रियांना कोणतीच तपासणी उपलब्ध नव्हती, असे संशोधकांचे उत्तर होते. हे उत्तर वस्तुस्थितीला धरून असले तरी त्यामुळे आक्षेपाचे वजन कमी होत नाही. सहभागी स्त्रियांना मिळालेली माहिती पुरेशी होती का, हा मुद्दा तर स्वतंत्रपणे विचारात घ्यावा लागतो. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयासह उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील गावांत झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकदाच केलेली तपासणीही मृत्यूंचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आणते, असे दिसले. तिथल्या तुलनेच्या गटाबाबतही हाच वाद झाला.

शस्त्रक्रियेच्या क्षेत्रातील चाचण्या तितक्याच महत्त्वाच्या आहेत. तोंडाचा कर्करोग सुरुवातीच्या अवस्थेत असेल आणि मानेत गाठ लागत नसेल, तर मानेतील लसिकाग्रंथी (हा कर्करोग जिथे आधी पसरतो त्या छोट्या ग्रंथी) त्याच वेळी काढाव्यात की गाठ दिसेपर्यंत थांबावे, याबाबत जगभर अनेक दशके मतभेद होते. तंबाखूमुळे या रोगाचे रुग्ण परळला मोठ्या संख्येने येत असल्याने याचे उत्तर तिथे मिळू शकले. डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या नेतृत्वाखालील चाचणीत ग्रंथी लगेच काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. थांबलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. २०१५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी सात ते दहा मिनिटे गाठीभोवती लिडोकेन हे भूल देण्याचे साधे औषध टोचून पाहिले. देशातील अकरा केंद्रांत सोळाशे स्त्रियांवर झालेल्या या चाचणीत पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेले. लिडोकेन स्वस्त असून त्यावर कोणाचे पेटंट उरलेले नाही; अशा औषधाच्या चाचणीवर एखादी कंपनी दहा वर्षे पैसा घालेल, हे संभवत नाही. डोके व मान यांच्या प्रगत कर्करोगात निव्होलुमॅब या अतिमहाग औषधाची नेहमीच्या मात्रेच्या जेमतेम सहा टक्के मात्रा देऊन केलेली चाचणीही याच वळणाची आहे. तीत एक वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण सुमारे १६ वरून ४३ टक्क्यांवर गेले, मात्र पूर्ण मात्रेशी तुलना त्या चाचणीत नव्हती, हे लक्षात ठेवले पाहिजे.

चाचण्यांवर नियंत्रण ठेवणारी यंत्रणा वेगळी आहे. नव्या औषधांना परवानगी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना देते, चाचणीची सार्वजनिक नोंदणी २००९ पासून बंधनकारक आहे, आणि २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झालेल्या रुग्णाला उपचार व भरपाई द्यावी लागते. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या ‘नेक्सकार १९’ या, रुग्णाच्याच पेशींत बदल करून रक्ताच्या कर्करोगावर केल्या जाणाऱ्या पेशी-उपचाराला याच मार्गाने ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमुळे देशभरातील कर्करोग रुग्णालये एकमेकांशी जोडली गेली असून वाराणसी, गुवाहाटी, विशाखापट्टणम येथेही सेंटरची रुग्णालये आहेत. पूर्वी उपचारासाठी परळच्या पदपथावर मुक्काम ठोकावा लागणाऱ्या परप्रांतीय रुग्णांपैकी काहींना त्यामुळे घराच्या जवळ उपचार मिळू लागले आहेत.