कंट्रोल व्हॉल्व्हची खरी स्थिती कळायला लागली त्याची पार्श्वभूमी

२८ मार्च १९७९. पहाटे चारच्या सुमारास अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, हॅरिसबर्गजवळच्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राच्या दुसऱ्या युनिटमध्ये स्टीम जनरेटरला पाणी पुरवणारे पंप बंद पडले. अणुभट्टीतला दाब चढला आणि तो सोडण्यासाठी बसवलेला रिलीफ व्हॉल्व्ह ठरल्याप्रमाणे उघडला. दाब उतरल्यावर तो मिटायला हवा होता. तो मिटला नाही. कंट्रोल रूममधला दिवा मात्र विझला आणि ऑपरेटरांनी व्हॉल्व्ह बंद झाला असं धरलं. तो दिवा व्हॉल्व्हच्या स्थितीला जोडलेलाच नव्हता. सोलेनॉइडची (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या विद्युतचुंबकाची) वीज तुटली, म्हणजे बंद होण्याचा आदेश गेला, एवढंच तो सांगत होता. पुढचे दोन तासांहून जास्त वेळ थंड करणारं पाणी बाहेर जात राहिलं आणि अणुभट्टीचा जवळपास अर्धा गाभा वितळला.

कंट्रोल व्हॉल्व्ह म्हणजे पाइपमधला प्रवाह सिग्नलप्रमाणे कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह. थ्री माइल आयलंडचा व्हॉल्व्ह तसा नव्हता, तरी सुरुवात त्याच्यापासून करावीशी वाटते. आज रिफायनरीत, खत कारखान्यात किंवा वीजकेंद्रात व्हॉल्व्हची तब्येत पाहणारं जे सॉफ्टवेअर चालतं, ते याच प्रश्नातून आलं आहे: आदेश दिला, पण तो पाळला गेला का? आणि पाळला गेला असेल, तर किती जोर लावून?

कंट्रोल व्हॉल्व्हचा धंदा याच्या शंभर वर्षं आधीचा. १८८० मध्ये आयोवातल्या मार्शलटाउन गावी आग लागली, तेव्हा विल्यम फिशर रात्रभर हाताने पंप सांभाळत पाण्याचा दाब टिकवत राहिले. त्यातून त्यांनी पंपाचा गव्हर्नर बनवला आणि पुढे फिशर कंपनी उभी राहिली. विसाव्या शतकात कारखाने हवेच्या सिग्नलवर चालू लागले: ३ ते १५ पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब). १९५४-५५ मध्ये मुंबईत माहुलला रिफायनऱ्या उभ्या राहिल्या, त्या याच हवेच्या काळात. हवा डायफ्रामवर (लवचीक पडद्यावर) दाब देते, स्प्रिंग विरोध करते, दोघांच्या झटापटीत स्टेम, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा, खालीवर होतो आणि त्याच्या टोकाचा प्लग सीटवर (वाटेतल्या कड्यावर) बसतो किंवा उठतो. रचना इतकी सरळ, की आजही बहुतेक व्हॉल्व्ह अशाच चालतात.

या जोडीला पोझिशनर आला. आलेला सिग्नल आणि स्टेमची प्रत्यक्ष जागा यांची तुलना करायची आणि फरक असेल तर हवा कमीजास्त करायची, हे त्याचं काम. ग्लँड पॅकिंग (स्टेमभोवतीचं गळती रोखणारं वेष्टन) आवळलेलं असो, स्टेमवर घाण बसलेली असो, पोझिशनर जास्त हवा देऊन स्टेमला ठरल्या जागी नेतोच. व्हॉल्व्ह आजारी आहे हे त्यामुळे झाकलं जातं. त्याने लावलेली ती जास्तीची हवा हीच आजाराची नोंद होती, पण ती टिपून ठेवायची कुणाकडे सोय नव्हती. इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन स्टेमवर बोट ठेवून धक्के जाणायचा, पोझिशनरवरचे गेज वाचायचा, कानाने हवेची गळती शोधायचा. ते ज्ञान खरं होतं, मात्र दुसऱ्याच्या हाती देता येत नव्हतं. मग शटडाऊनमध्ये व्हॉल्व्ह सरसकट उतरवून वर्कशॉपला न्यायचे. चांगला व्हॉल्व्हही उघडला जायचा आणि बिघडलेला एखादा राहून जायचा.

याला पहिला धक्का अणुऊर्जेच्या बाजूने बसला. ९ जून १९८५ रोजी ओहायोतल्या डेव्हिस-बेसी केंद्रात मुख्य पाणीपुरवठा गेला. त्या गडबडीत पर्यायी पुरवठ्याचे मोटरवर चालणारे व्हॉल्व्ह चुकून बंद केले गेले, आणि कंट्रोल रूममधून आदेश देऊनही ते परत उघडेनात. शेवटी माणसांनी धावत जाऊन ते हाताने उघडले. ठरावीक जोरानंतर मोटर थांबवणाऱ्या टॉर्क स्विचच्या चुकीच्या सेटिंगने व्हॉल्व्ह अडवले होते. शांतपणे केलेल्या चाचणीत ते चालत होते, खऱ्या दाबाखाली अडले. त्याच नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने केंद्रांना अशा व्हॉल्व्हची तपासणी करायला सांगितलं, आणि जून १९८९ च्या पत्राने सुरक्षेशी निगडित सगळ्या मोटर-चालित व्हॉल्व्हसाठी ती बंधनकारक केली. ‘उघडला-मिटला’ एवढी नोंद आता पुरेशी नव्हती. किती जोर लागला आणि किती शिल्लक होता, हे मोजून दाखवायचं होतं. मोव्हॅट्ससारख्या चाचणी यंत्रणा याच दशकात रुजल्या. नियामकाने हट्ट धरला नसता तर ही विद्या आणखी बरीच वर्षं रेंगाळली असती, असं माझं ठाम मत आहे.

हवेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हसाठीही अशीच चाचणीची पेटी आली. अ‍ॅक्च्युएटरला (स्टेम हलवणाऱ्या भागाला) दाबाचा सेन्सर, स्टेमला हालचालीचा सेन्सर, बाजूला संगणक. व्हॉल्व्ह हळूहळू पूर्ण उघडायचा, तसाच मिटवायचा आणि दाबासमोर हालचाल मांडायची. जो आलेख मिळतो त्याला या क्षेत्रात व्हॉल्व्ह सिग्नेचर म्हणतात. सगळ्या निदानाचा पाया हाच असल्याने इथे थोडं थांबू.

आलेखात दोन रेषा दिसतात, एक जाताना आणि एक येताना. स्टेम कोणत्याही दिशेने सरकला तरी घर्षण त्याला विरोध करतं, म्हणून त्या एकमेकींवर पडत नाहीत. समजा डायफ्रामचं परिणामकारक क्षेत्रफळ १०० चौरस इंच आहे. स्टेम निम्म्या वाटेवर असताना एका दिशेला १० पीएसआय लागतात आणि परतताना ८. फरक २, त्याचा अर्धा १, आणि १ पीएसआय गुणिले १०० म्हणजे १०० पौंड. इतकं त्या व्हॉल्व्हमधलं घर्षण. रेषांचा उतार स्प्रिंगची ताकद सांगतो. ती खचली किंवा तुटली असेल तर उतार बदलतो. प्लग सीटला टेकतो तिथे रेषा वळते, आणि त्यापुढे किती दाब उरला यावरून सीटवरचा भार काढता येतो. नवा असतानाचा आलेख जपून ठेवला आणि दोन वर्षांनी पुन्हा काढला, की तुलना समोर येते. घर्षण वाढलं असेल तर पॅकिंग जास्त आवळलंय किंवा स्टेम घासतोय. एकदम कमी झालं असेल तर पॅकिंग झिजलंय, लवकरच गळेल. हे सगळं व्हॉल्व्ह लाइनमधून न उतरवता कळतं.

अमेरिकेत १९९० च्या स्वच्छ हवा कायद्यातल्या दुरुस्त्यांनंतर पॅकिंगमधून झिरपणाऱ्या वायूंवर बंधनं कडक झाली. गळती थांबवायची तर ग्लँड घट्ट आवळायचं. आवळलं की स्टेम अडखळतो. मग किती आवळलं हे मोजणाऱ्या आलेखाला वेगळीच किंमत आली.

दुसरा धक्का कॅनडाच्या कागद गिरण्यांनी दिला. तिथे भीतीपेक्षा नुकसान मोठं होतं. कागदाची जाडी आणि ओलावा डोलत असेल तर माल वाया जातो. बिल बियालकोव्स्की आणि त्यांच्या एनटेक कंपनीने गिरण्यांमधले कंट्रोल लूप (मोजणारं उपकरण, कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह यांच्या साखळ्या) तपासले. १९९३ मध्ये त्यांनी मांडलेल्या निष्कर्षांनुसार सुमारे ३० टक्के लूप व्हॉल्व्हच्या दोषांमुळे डोलत होते. व्हॉल्व्ह अडकतो, कंट्रोलर आदेश वाढवत नेतो, एका क्षणी स्टेम सुटतो आणि गरजेपेक्षा पुढे उडी मारतो. मग उलट दिशेला तोच खेळ. यालाच स्टिक्शन म्हणतात आणि प्लँटवर ‘हंटिंग’ म्हणून जे ओरडलं जातं त्यामागे अनेकदा हेच असतं. लोक कंट्रोलरचं ट्यूनिंग बदलत बसतात, दोष खाली पाइपलाइनवर असतो. एनटेकने व्हॉल्व्हच्या चपळाईसाठी मानकच काढलं: प्ले (जोडांतला सैलपणा) आणि स्टिक्शन मिळून साधारण १ टक्क्याच्या आत हवं. व्हॉल्व्ह विकत घेताना आकार आणि दाबाचं रेटिंग पाहायची जुनी सवय होती. तो एक टक्क्याने हलतो का, हे विचारणारा ग्राहक तेव्हा नवा होता.

पेटी घेऊन व्हॉल्व्हपाशी जाणं मात्र उरलंच होतं. ते संपवलं हार्टने, म्हणजे उपकरणांशी तारेवरून बोलायच्या एका प्रोटोकॉलने. रोझमाउंट कंपनीने १९८० च्या दशकात विकसित करून खुला केलेला हा प्रोटोकॉल व्हॉल्व्हला विजेने आदेश नेणाऱ्या ४ ते २० मिलिअँपिअरच्या जुन्याच दोन तारांवर चालतो. मूळ सिग्नलवर १,२०० आणि २,२०० हर्ट्झचे दोन सूर चढवायचे आणि त्यांच्या भाषेत १ आणि ० पाठवायचे. सुरांची सरासरी शून्य असल्याने मूळ सिग्नल बिघडत नाही. वेग सेकंदाला १,२०० बिट, आजच्या मानाने नगण्य. पण नवी केबल टाकावी लागत नव्हती, आणि हजारो लूप असलेल्या प्लँटमध्ये निर्णय तिथेच होतो.

रोझमाउंट आधीपासून इमर्सनकडे होती. १९९२ मध्ये इमर्सनने फिशरही घेतली. व्हॉल्व्ह जाणणारे आणि त्या तारांवरून बोलणं जाणणारे एका छताखाली आले, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत फिशरचा फील्डव्ह्यू हा डिजिटल पोझिशनर व त्यासोबतचं व्हॉल्व्हलिंक सॉफ्टवेअर बाजारात होतं. पेटीतले सेन्सर आता पोझिशनरच्या आतच बसले. यातली तांत्रिक करामत सहसा कुणी सांगत नाही: सिग्नल ४ मिलिअँपिअरवर असताना त्या तारांतून जेमतेम ४० मिलिवॅटच्या आसपास वीज मिळते. मायक्रोप्रोसेसर, सेन्सर, हवा सोडणारा कन्व्हर्टर आणि संवाद, सगळं तेवढ्यात भागवायचं. पुढे सीमेन्स, सॅमसन, मेत्सो, मेसनीलन, फ्लोसर्व्ह अशा सगळ्यांनीच आपापले पोझिशनर आणि सॉफ्टवेअर आणले.

त्याच काळात विद्यापीठांत दुसरी वाट शोधली जात होती: पोझिशनर जुना असला तरी कंट्रोल रूममध्ये साठलेल्या नोंदींतून दोष ओळखता येईल का? कॅनडात थॉमस हॅरिस यांनी १९८९ मध्ये लूपची कामगिरी मोजायचा निर्देशांक दिला. स्वीडनमध्ये टोरे हॅग्लुंड यांनी १९९५ मध्ये डोलणं आपोआप पकडायची पद्धत मांडली आणि अलेक्झांडर हॉर्श यांनी १९९९ मध्ये कंट्रोलरचं आउटपुट व प्रक्रियेचं मूल्य यांच्या परस्परसंबंधावरून स्टिक्शन ओळखायची. दोन्ही वाटा आज एकाच पडद्यावर आल्या आहेत.

आपत्कालीन व्हॉल्व्हची अडचण निराळी. ते वर्षानुवर्षं उघडे उभे असतात आणि एका क्षणी मिटावे लागतात. पूर्ण मिटवून पाहायचं तर प्लँट थांबतो. आयईसी ६१५०८ आणि ६१५११ या सुरक्षा-यंत्रणांच्या आंतरराष्ट्रीय मानकांनी अपयशाच्या शक्यतेचा हिशेब मागायला सुरुवात केल्यावर पार्शल स्ट्रोक चाचणी रूढ झाली. व्हॉल्व्ह १० ते २० टक्केच हलवायचा, सिग्नेचर टिपायची आणि परत न्यायचा. जाम झालेला स्टेम त्यात सापडतो.

निदान वाढलं तसे इशारेही वाढले, इतके की ऑपरेटर ते बघेनासे झाले. जर्मनीतल्या नामुर या वापरकर्त्यांच्या संघटनेने २००६ मध्ये एनई १०७ ही शिफारस काढून सगळं चार खणांत बसवलं: बिघाड, तपासणी चालू, मर्यादेबाहेर, देखभाल हवी. मला हे पाऊल कोणत्याही नव्या सेन्सरइतकंच मोलाचं वाटतं. तरीही बऱ्याच प्लँटमध्ये कंट्रोल सिस्टिमची, तारा जोडायची जुनी इनपुट-आउटपुट कार्डं हार्टचे सूर वाचतच नाहीत. पोझिशनरला सगळं ठाऊक असतं आणि कमिशनिंगच्या दिवशी हातातल्या कम्युनिकेटरने कॅलिब्रेशन केल्यावर त्याला पुन्हा कुणी काही विचारत नाही. मल्टिप्लेक्सर (अनेक तारांवरचे सूर वाचून पुढे देणारं उपकरण) बसवून हे सुटतं. त्याचा खर्च एका अनपेक्षित शटडाऊनसमोर किरकोळ असतो, हे पटवून द्यायला देखभालीच्या माणसाला अजूनही झगडावं लागतं.

२०२१ मध्ये इथरनेट-एपीएल हे फील्डमधल्या उपकरणांसाठीचं नेटवर्क आलं आणि फील्डमधल्या दोन तारांवर सेकंदाला १ कोटी बिटचा वेग शक्य झाला. सिग्नेचर खेचायला लागणारा वेळ त्याने संपेल. पण हवेचा दाब आणि स्टेमची हालचाल यांतून स्टेम, स्प्रिंग, पॅकिंग आणि अ‍ॅक्च्युएटर यांच्याबद्दल जेवढं कळतं, तेवढं आतल्या प्रवाहाबद्दल कळत नाही. कॅव्हिटेशनने (द्रवातले बुडबुडे फुटून होणाऱ्या माऱ्याने) खाल्लेला प्लग आलेखात निरोगी दिसू शकतो. मिटलेल्या सीटमधून होणारी गळती ऐकायला पाइपवर वेगळा ध्वनी-सेन्सरच लावावा लागतो.