कोस्पास-सारसॅट

संकटात सापडलेल्या जहाजाची, विमानाची किंवा एकट्यादुकट्या माणसाची हाक उपग्रहांमार्फत टिपून बचाव पथकांपर्यंत पोहोचवणारी आंतरराष्ट्रीय यंत्रणा. नावातला पहिला शब्द रशियन, दुसरा इंग्रजी. शीतयुद्ध चालू असतानाच, १९७९ मध्ये, सोव्हिएत संघ, अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्स यांनी ती उभारायचे ठरवले. ३० जून १९८२ रोजी सोव्हिएत उपग्रह ‘कॉसमॉस-१३८३’ अवकाशात गेला आणि त्याच सप्टेंबरात त्याने कॅनडातल्या विमान अपघाताचा संदेश पकडला; तिघे वाचले.

हाक देणाऱ्या यंत्राला बीकन म्हणतात. जहाजावरचा ईपर्ब, विमानातला ईएलटी आणि जवळ बाळगायचा पीएलबी. ईपर्ब उघड्या डेकवर, कप्प्यात अडकवलेला असतो. जहाज बुडाले की काही मीटर खोलीवर पाण्याच्या दाबानेच त्याची अडकण सुटते, तो वर तरंगतो आणि आपोआप चालू होतो. मग दर सुमारे ५० सेकंदांनी, जेमतेम अर्धा सेकंद, ४०६ मेगाहर्ट्झवर संदेश जातो. त्यात बीकनचा स्वतःचा क्रमांक असतो. जुन्या १२१.५ मेगाहर्ट्झच्या बीकनला ही ओळखच नव्हती. २००९ पासून उपग्रह त्याकडे लक्ष देत नाहीत. क्रमांक नोंदवलेला असेल तर बचाव केंद्र आधी मालकाला फोन लावते, कारण बहुतेक इशारे खोटेच निघतात: कुणाचा धक्का लागलेला, कुणी भंगारात टाकलेला.

जागा कशी कळते? गाडी जवळ येताना शिट्टी चढी आणि लांब जाताना उतरी ऐकू येते, तसाच फरक खालच्या कक्षेतल्या उपग्रहाला संदेशात जाणवतो आणि त्यावरून जागेचे गणित मांडता येते. भूस्थिर उपग्रह हाक तत्काळ ऐकतो. पण तो जागचा हलत नसल्याने त्याला हे गणित जमत नाही. आता जीपीएस आणि तशाच युरोपीय गॅलिलिओ यंत्रणेचे अनेक उपग्रह एकाच वेळी ऐकतात, त्यावरून जागाही ठरते.

भारताचे नियंत्रण केंद्र बेंगळुरूला इस्रोच्या इस्ट्रॅकमध्ये, म्हणजे उपग्रहांशी संपर्क ठेवणाऱ्या केंद्रात, आहे; समुद्रातला शोध तटरक्षक दलाकडे. सप्टेंबर २०१८ मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ या शिडाच्या होडीची डोलकाठी दक्षिण हिंदी महासागरात मोडली आणि नौदल अधिकारी अभिलाष टॉमी पाठीच्या दुखापतीने जागचे हलू शकेनात. त्यांनी बीकन चालू केला. तीन दिवसांनी फ्रेंच जहाज ‘ओसिरिस’ने त्यांना उचलले.

मच्छीमारांसाठी इस्रोने वेगळे, स्वस्त यंत्र काढले आहे. त्याच्या नव्या आवृत्तीत हाक पोहोचल्याची पोच होडीवर परत येते.