आमदार ठाणेदार, खासदार ठाणेदार

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर श्री ठाणेदारांचं अभिनंदन दोनदा झालं. नोव्हेंबर २०२० मध्ये एकदा, नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा, आणि दोन्ही वेळा मजकूर जवळपास तोच: बेळगावात वाढलेला मराठी माणूस अमेरिकेत ‘हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्ह्ज’वर निवडून आला. दुसऱ्या वेळी काकांनी विचारलं, “हे तर मागेच निवडून आले होते ना रे?” (‘श्री’ हे त्यांचं नावच आहे, आदराचं ‘श्री.’ नव्हे. म्हणजे गोंधळ नावापासूनच सुरू.)

काकांचं चुकलं नव्हतं. या नावाची सभागृहं दोन आहेत: एक मिशिगन राज्याचं, त्याच्या राजधानीत लान्सिंगला, दुसरं देशाचं, वॉशिंग्टनला. दोन्हीकडे सदस्याला ‘रिप्रेझेंटेटिव्ह’च म्हणतात, मुदत दोन्हीकडे दोनच वर्षांची, आणि मतदानही नोव्हेंबरातल्या एकाच मंगळवारी, एकाच मतपत्रिकेवर. आपल्याकडे निदान आमदार आणि खासदार असे दोन शब्द तरी आहेत. तेच वापरायचे तर २०२० साली ठाणेदार आमदार झाले आणि २०२२ साली खासदार.

त्याआधी मात्र त्यांनी थेट वरच्या फांदीला हात घातला होता. १९७९ साली रसायनशास्त्र शिकायला अमेरिकेत गेलेले, पुढे प्रयोगशाळांच्या धंद्यात पैसा कमावलेले ठाणेदार २०१८ साली पदरचे लाखो डॉलर ओतून गव्हर्नरपदासाठी (तिथला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे, निवडून आलेला राज्याचा प्रमुख) डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या लढतीत, उतरले. ग्रेचेन व्हिटमर जिंकल्या, हे तिसरे आले. मग मिशिगनमधलंच ॲन आर्बर सोडून डेट्रॉइटला बिऱ्हाड हलवलं आणि आमदारकीपासून सुरुवात केली.

लान्सिंगला ११० सदस्य, एकेकामागे साधारण ९० हजार लोक. डेट्रॉइटहून गाडीने दीड तासाची वाट, म्हणजे संध्याकाळी घरी जेवायला येता येतं. सभागृहात प्रत्येकाला स्वतःचं ठरलेलं टेबल. वॉशिंग्टनला सदस्य ४३५, त्यांत मिशिगनचे १३, आणि एकेकामागे साडेसात लाखांहून जास्त लोक. तिथे ठरलेली जागाच नाही. रिकाम्या खुर्चीत बसायचं आणि मताच्या वेळी यंत्रात कार्ड घालायचं. पगार आमदाराला ७१,६८५ डॉलर, खासदाराला १,७४,०००.

एवढ्यावरून आमदार म्हणजे धाकटा खासदार असं वाटतं. खरी फसगत तिथेच होते. परराष्ट्र धोरण, सैन्य, व्हिसा आणि नागरिकत्व हे वॉशिंग्टनचं. एप्रिल २०२५ मध्ये ठाणेदारांनी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्यावर महाभियोगाची सात कलमं मांडली, ती खासदार म्हणूनच मांडता आली. आमदाराची धाव फार तर गव्हर्नरवरच्या महाभियोगापर्यंत. पण खून-दरोड्याचे बहुतेक खटले, शाळा, गाडीचा विमा, मतदानाचे नियम हे सगळं राज्याच्या कायद्याने चालतं. अमेरिकेत देशभर लागू असलेली एकच दंडसंहिता नाही. प्रत्येक राज्याची आपापली. आपल्या आमदाराच्या मानाने तिथल्या आमदाराच्या हातात बरंच जास्त असतं.

ठाणेदारांच्याच बाबतीत याचा गमतीदार प्रत्यय आला. ते आमदार होते तेव्हा लान्सिंगचं सभागृह रिपब्लिकनांच्या ताब्यात होतं, म्हणजे हे विरोधी बाकांवर. २०२२ च्या निवडणुकीत डेमोक्रॅटांनी तिथे ५६ विरुद्ध ५४ असं निसटतं बहुमत मिळवलं आणि राज्याचं सिनेट, म्हणजे वरचं सभागृहही, जिंकलं. गव्हर्नर व्हिटमर होत्याच, त्यामुळे जवळजवळ ४० वर्षांनी अख्खं राज्य पक्षाच्या हाती आलं. एप्रिल २०२३ मध्ये गर्भपातावर बंदी घालणारा १९३१ चा कायदा रद्द झाला, तो लान्सिंगमध्ये, ठाणेदारांच्या जुन्या सहकाऱ्यांच्या मतांनी. हे मात्र तोवर वॉशिंग्टनला पोचले होते आणि तिथे त्याच निवडणुकीत बहुमत रिपब्लिकनांकडे गेलं होतं. पुन्हा विरोधी बाक! बढती झाली खरी, पण सत्तेशी चुकामूक दोन्ही गावी.

मग माणसं वॉशिंग्टनला का धावतात? एक कारण मुदतीचं. मिशिगनच्या मतदारांनी १९९२ साली आमदारकीवर मर्यादा घातली: खालच्या सभागृहात जन्मात तीनच खेपा, म्हणजे सहा वर्षं. २०२२ साली नियम बदलून दोन्ही सभागृहं मिळून १२ वर्षं केली. खासदारकीला अशी मर्यादा नाही, आणि राज्यांना ती घालताही येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ठरवलं. म्हणून मिशिगनचेच जॉन डिंगेल १९५५ ते २०१५ खासदार राहिले, आणि डेट्रॉइटचे जॉन कॉनियर्स १९६५ ते २०१७. कॉनियर्सांची शेवटची वर्षं १३ क्रमांकाच्या मतदारसंघात गेली. त्याच क्रमांकाच्या, सीमा बदललेल्या मतदारसंघातून २०२२ साली नऊ जणांच्या प्राथमिक लढतीत ठाणेदार २८ टक्क्यांच्या आसपास मतांवर जिंकले, आणि १९५५ पासून पहिल्यांदाच डेट्रॉइटचा एकही कृष्णवर्णीय खासदार उरला नाही. त्या शहरात हे अजून बोललं जातं. २०२४ साली ठाणेदार पुन्हा निवडून आले. आमच्या ग्रुपवर त्या वेळी कुणी काही विचारलं नाही.